मेरिलच्या कॅमेऱ्यातला अडकलेला रोल

व्हर्ना निकलकडे कॅमेरे दुरुस्तीला यायचे ते बहुतेक बाहेरगावचे. आमच्या बंदरात रोल भरून फोटो काढण्याची हौस कुणाला राहिली होती? हॅलिफॅक्सहून मात्र लोक जुने कॅमेरे घेऊन यायचे, आणि व्हर्ना पुढच्या खोलीत खिडकीशी बसून कॅमेरा कानाशी धरून शटरचा आवाज ऐकायची. नवरा गेल्यापासून तिचं घर त्यावरच चालायचं. मी समोरच्या घरात राहते, आणि हे सगळं तिनं स्वतः मला सांगितलंय.

त्या डिसेंबरात तिचा धाकटा भाऊ लॉइड आणि मेरिल कॉर्कम समुद्रात सोडलेले लॉबस्टर पकडायचे पिंजरे उचलायला बोट घेऊन गेले, आणि परत आला एकटा लॉइड. त्याचं म्हणणं, पिंजऱ्याच्या दोराचा वेढा मेरिलच्या पायात पडला आणि त्याला खाली घेऊन गेला. अंगात लाइफ जॅकेट नव्हतं.

मेरिलची बायको ओडेसा म्हणाली, हे खोटं आहे. मोसम सुरू होताना मेरिलनं तिला शब्द दिला होता, बोटीवर जॅकेट काढणार नाही म्हणून. झालं, गावाला तेवढं पुरलं. लॉइड पिऊन होता, बोटीच्या हिश्श्यावरून दोघांचं वाजलं होतं, असं जो तो सांगायला लागला. चर्चमध्ये लॉइडच्या बाकावर कुणी बसेना.

अशात एके दिवशी दुपारी ओडेसा व्हर्नाच्या दारात उभी राहिली. हातात मेरिलचा कॅमेरा होता, त्याच्या वडिलांच्या वेळचा. बोटीवर त्याच्या जेवणाच्या डब्यात तो सापडला होता, पोलिसांनी इतर वस्तूंबरोबर परत दिला होता. आत रोल अडकलेला. हॅलिफॅक्सच्या दुकानदारानं हात लावायला नकार दिला आणि नेमकं व्हर्नाचंच नाव सांगितलं.

"तुझ्याकडे यायची माझी इच्छा नव्हती," ओडेसा म्हणाली.

"ठाऊक आहे मला. आत ये," व्हर्ना म्हणाली.

तिनं कॅमेरा न उघडता तपासला. रोल पुढे सरकवायचा खटका हलत होता, पण त्याबरोबर फिरायला हवी ती दुसऱ्या टोकाची चकती जागची हलत नव्हती. म्हणजे फिल्मच्या कडेची भोकं फाटली होती आणि फिल्म आत एका जागी थांबली होती. उलटी गुंडाळून काढावी, तर त्यासाठी दाबायचं खालचं बटण खाऱ्या हवेनं गंजून बसलेलं. जोर लावला तर फिल्म तुटणार. उजेडात उघडला तर सगळं जाणार.

ओडेसा अजून पुढच्या खोलीतच बसून होती. तेवढ्यात लॉइड मागच्या दारानं आला. टेबलावरचा कॅमेरा बघून त्याचा चेहरा उतरला. तो बहिणीला स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "ताई, तो उघडू नकोस."

"का?"

लॉइड मागच्या दाराकडे वळला. आला तसा निघून गेला.

व्हर्ना मला म्हणाली, त्या घडीपर्यंत मी त्याच्यावर विश्वास ठेवून होते. तिथून पुढे नाही.

ती बाहेर आली. ओडेसानं ऐकलं होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता. व्हर्ना म्हणाली, "हे काम मी एकटी करणार नाही. तू माझ्याबरोबर तळघरात चल. फिल्म खराब निघाली तर लॉइडच्या बहिणीनं केली असं उद्या कुणी म्हणायला नको. तूसुद्धा."

तळघरातल्या त्या खोलीत लाल दिवाही चालणार नव्हता. ही फिल्म लाल उजेडालाही भिते. दार लावल्यावर डोळ्यांपुढे धरलेला हातही दिसेना. व्हर्नानं ओडेसाचे हात आपल्या मनगटांवर ठेवून घेतले आणि एकेक गोष्ट बोलून करायला लागली. आता मागचं झाकण उघडते. आता फिल्म कात्रीनं रोलच्या डबीपाशी कापते. आता उरलेली हातानं सोडवते.

मध्येच फिल्म चिकटली. ओलीनं दोन वेढे एकमेकांना धरून बसले होते. व्हर्नाचे हात थांबले. जरा ओढलं असतं की वरचा थर सोलून निघाला असता, आणि ते मुद्दाम केलं की चुकून, हे अंगावर हात ठेवून बसलेल्या बाईलाही कळलं नसतं. तिला भावाचं लहानपणीचं तोंड आठवलं, असं ती म्हणाली. मग तिनं बोटानं कडेकडेनं, श्वास रोखून, वेढा सोडवला.

"का थांबलीस?" अंधारात ओडेसानं विचारलं.

"भीती वाटली म्हणून," व्हर्ना म्हणाली.

"कशाची?"

"तुला वाटते त्याचीच."

ओडेसाचे हात मनगटांवर घट्ट झाले, पण तिनं ते काढले नाहीत.

फिल्म धुऊन झाली. स्टोव्हशी टांगून वाळेपर्यंत दोघी समोरासमोर बसून राहिल्या. व्हर्नानं माशाचं सूप गरम करून पुढे ठेवलं, त्यावर साय धरली. निम्म्या फिल्मवर नुसते डाग होते. शेवटच्या चौकटीत फिल्म सरकलीच नव्हती, त्यामुळे चार-पाच फोटो एकावर एक चढून काळा गोळा झाला होता. त्याच्या अलीकडचा एकच धड होता.

तो कागदावर उतरवायला दोघी पुन्हा खाली गेल्या. या वेळी लाल दिवा होता. तबकातल्या रसायनात कागद बराच वेळ कोराच राहिला. मग आधी बोटीचा कठडा आला, मग मेरिलचे खांदे, मग हसणारं तोंड. अंगात नुसता लोकरी शर्ट. त्याच्या मागे खुंटीला जॅकेट लटकत होतं आणि तो त्याच्याकडे अंगठा दाखवून हसत होता. बोटीवर दोघंच होते. फोटो लॉइडनं काढला होता.

ओडेसानं फोटोतल्या जॅकेटकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "हे दोरात अडकतं म्हणायचा तो. हात नीट चालत नाहीत म्हणायचा." फोटो पक्का होऊन धुतला गेल्यावर तिनं तो पाण्यातून काढला, ओलाच आपल्या पिशवीत घातला आणि तडक लॉइडच्या घरी निघाली. व्हर्ना तिच्या मागोमाग.

लॉइड दारातच बसला होता. फोटो न बघताच तो म्हणाला, "तुला दिलेल्या शब्दाची तो थट्टा करत होता. मी हसलो, ओडेसा. जॅकेट घाल म्हणालो नाही. फोटो काढला."

ओडेसा म्हणाली, "मी सोळा वर्षं म्हणत होते. माझं ऐकलं नाही, तुझं ऐकणार होता?" आणि मग ती त्याच्या पायरीवर बसून पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

रविवारी ती चर्चमध्ये उशिरा आली आणि सरळ लॉइडच्या बाकावर जाऊन बसली. मागे कुजबुज झाली, तिनं वळून पाहिलं तशी कुजबुज थांबली. लॉइडनं त्या मोसमात पुन्हा आपली बोट पाण्यात घातली नाही. मेरिलचे पिंजरे मात्र समुद्रात तसेच पडून होते. जानेवारीत वारा पडल्यावर ओडेसाचा दीर आणि लॉइड दिराच्या बोटीनं जाऊन ते उचलून घेऊन आले. दोघांच्या अंगात जॅकेट होतं. ओडेसा धक्क्यावर उभी राहून बघत होती.