मुळाला चिकटलेली माती

पीएचडीच्या प्रबंधासाठी अश्वगंधेच्या मुळांजवळची माती मला दोनदा गोळा करावी लागली. पहिल्या खेपेचे नमुने कॉलेजच्या फ्रीजमध्ये होते. सुट्टीत वीज गेली आणि परत येऊन दार उघडलं तर वासच आला. मार्गदर्शक सर एवढंच म्हणाले, "परत आणा." तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. दिवसभर शिकवणं आणि घरी अंथरुणाला खिळलेली सासू.

बियाणं एकच, पण माती बदलली की मुळांशी राहणारे जिवाणू कसे बदलतात, हे मला बघायचं होतं. अहमदपूरकडच्या मुरमाड रानातली माती पुन्हा मिळाली. लोह्याजवळ काळ्या रानात अश्वगंधा लावणाऱ्या बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "आम्ही तर सकाळधरनं उपटायला लागलोय."

एसटीनं पोचेपर्यंत दुपार कलली. बांधावर मुळांचा ढीग वाळत पडला होता. वाळल्या मुळांवरचे जिवाणू टिकत नाहीत; मला झाड जमिनीत उभं हवं होतं.

"याच्यातली न्हाई चालत?" बाईंनी विचारलं.

"नाही चालत."

त्यांनी पदर खोचला आणि मला शेताच्या खालच्या अंगाला नेलं. तिथं पाणी साचायचं. पंधरा-वीस पिवळी रोपं उपटण्याच्या लायकीची नव्हती म्हणून राहिली होती. "लई मरतुकडी हायत," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातलं खुरपं घेऊन स्वतःच खणायला बसल्या. मुळं काळवंडलेली होती. त्यांना चिकटलेली माती मी पिशव्यांत झटकून घेतली.

पुढचे कित्येक आठवडे मोजण्यात गेले. मुरमाड मातीत मुळांना पोसणारे जिवाणू भरपूर होते. पाणी साचून चिबडलेल्या काळ्या मातीत ते विरळ, आणि कुजवणारेच जास्त. सर म्हणाले, ही मातीची तुलना राहिली नाही, पाण्याची झाली. लिहिलेली प्रकरणं बाजूला ठेवून मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.

बाईंना हे सांगायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या,

"पाणी साचतंय ते आम्हाला ठावं हाय. तुमच्या जिवाणूंनी बी तेच सांगितलं?"

"तेच."

"मग खोटं न्हाई बोलले."

त्या वर्षी त्यांनी पाणी वाहून जायला खालच्या अंगाला चर काढला. माझा प्रबंध त्यानंतर दोन वर्षांनी पुरा झाला. तोवर आनंद व्हायची ताकदही उरली नव्हती. घरी येऊन मी नुसती झोपले.