वारा नव्हता, असं मी म्हणालो

गोष्टी सांगण्यात माझा हात कोणी धरणार नाही! बारसं असो, तेरावं असो, लकडगंजातला पानठेला असो, मी तोंड उघडलं की माणसं जमतात. ही गोष्ट मात्र आजवर ओठांबाहेर काढली नाही. बायकोजवळसुद्धा नाही. तुम्हाला का सांगतो आहे — कोण जाणे.

ऐंशीनंतरची वर्षं. नागपूरच्या एका सरकारी कचेरीत मी ओव्हरसिअर होतो. गावाला पाणी चढवायला पवनचक्की हवी, तर मंजुरी आमची. जागेवर वारा आहे का, ते मी जाऊन बघायचं. साहेबांना अहवाल वाचायचा भारी कंटाळा — दुपारच्या चहाला ते माझ्या तोंडून हकिगत ऐकत आणि हो की नाही तिथेच ठरवत. मी रंगवून सांगायचो, ते पोट धरून हसायचे. मला आणखी काय हवं होतं?

भिवापूरकडच्या एका गावाचा अर्ज होता. पंचायतीच्या सदस्य कौसल्याबाई त्यासाठी खेटे घालत होत्या. गाव टेकडीवर, विहीर पायथ्याशी. बाया दिवसभर पाणी वाहायच्या. मी गेलो. वारा असा, की माझा रुमालच उडाला. बाईंनी धावत जाऊन तो आणला. हसत म्हणाल्या, "पाहा जी, तुमच्या रुमालालेही पटलं!"

मग चहाची वेळ झाली. साहेबांनी विचारलं — काय, वारा आहे का? सगळे माझ्याकडे बघत होते. नुसतं 'आहे' म्हणून कुठे हशा पिकतो? मी म्हणालो, "वारा? साहेब, वाळत घातलेल्या मिरचीवरची माशीसुद्धा हलेना!" — आणि माशी करून दाखवली. कप हिंदकळले. गावाची मंजुरी हुकली.

'गंमत केली साहेब' — म्हणता आलं नसतं? आलं असतं.

पुढे बाई कचेरीत आल्या, नेमक्या चहाच्या वेळेला. "काहून नाही म्हनून राहिले जी? तुमी तर सोता पाह्यलं." साहेब समोरच होते. आणि मी — सांगायलाही लाज वाटते — भुवया उडवून म्हणालो, "बाई, तिथे हलत होतं ते फक्त तुमचं तोंड!"

पुन्हा हशा. त्या हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "आता गावच्या बायाईले काय सांगू?"

साहेबांचं हसू थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरं बोलायला तेवढी सवड पुरे होती.

मी बशीत चहा ओतून घेतला.