वाऱ्यातला सौदा

आमची मासेमारीची होडी, आमचा डोंगा, विकायचं ठरलं तेव्हा सगळ्यांत जास्त मीच चिडले. लोकांना नवल वाटलं, कारण लग्न झाल्यापासून त्या डोंग्याच्या नावानं बोटं मोडत आले होते ती मीच. उमरेडकडच्या तलावावर आमच्या घरच्यांची मासेमारी. पहाटे जाळी काढायची, मासळी माझ्या टोपलीत टाकायची आणि मी पहिल्या बसनं नागपूरचा बाजार गाठायचा. आयुष्य असंच गेलं. मग यांचा खांदा धरला. नागपुरात सदर भागातल्या एका दुकानात नोकरी करणारा आमचा मुलगा म्हणाला, "बाबा, पुरे झालं आता. डोंगा इकून टाका अन् माह्याकडे येऊन राहा."

हे म्हणाले, "गिऱ्हाईक भेटलं तर येतो."

मला बरं वाटलं. जुना डोंगा कोण घेतं? ना गिऱ्हाईक येणार, ना आम्ही नागपूरला जाणार. तिथं तिसऱ्या मजल्यावर बसून हा माणूस करणार काय? पाण्यावर नसले की यांना काही सुचत नाही. दिवाळीला दोन दिवस मुलाकडे राहिलो तरी हे गॅलरीत उभे राहून वारा कुठून येतो ते बघायचे.

पण आलं गिऱ्हाईक. पलीकडच्या काठावरचा माणूस होता, बोलायला गोड. म्हणाला, "वहिनी, आमच्या डोंग्यात हवा सुटली का मानूस पिळून काढा लागते. भाऊ मात्र कोरडे येते, हे म्या काठावरून लय खेपा पायलं. पन मले हवेतच बसून पाहा लागते, मंगच घेईन."

झालं! मी चुलीपाशी यांना गाठलं. "आयका. दुपारी हवा सुटली का त्याले मस्त भिजवा. एक लाट अंगावर घ्या. पळून जाते का नाही पाहा!"

हे हसले. कितीतरी दिवसांनी हसले. म्हणाले, "भिजवतो वं. मले तरी कुठी जाचं हाय?"

तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

दुपारी तलाव खवळलेलाच होता. पश्चिमेचा वारा सुटला की आमच्या तलावावर आखूड, घाईच्या लाटा उठतात, एकीच्या पाठीला दुसरी. गिऱ्हाईक मध्ये बसलं, हे मागं वल्हं घेऊन, आणि मी पुढं पाणी उपसायचा डबा घेऊन. हट्टानंच गेले. म्हटलं, आपल्या डोळ्यांनी भिजताना बघू तर द्या!

पहिल्या लाटेला यांनी डोंगा आडवा ठेवला होता. मी मनात म्हटलं, शाब्बास. लाट आली. अगदी डोंग्याच्या काठाशी आली. आणि यांचा हात हलला. मी मान वळवून पाहत होते म्हणून कळलं, नाहीतर कळलंही नसतं. वल्ह्याचा एक हलका झोका, डोंग्याचं तोंड जरा तिरपं झालं, लाट खालून निघून गेली. गिऱ्हाइकाच्या अंगावर थेंब नाही.

मी डोळे वटारले. हे माझ्याकडे बघेनात.

पुढची लाट तशीच, त्याच्या पुढचीही तशीच. लाट चढली की वल्हं थांबवायचं, उतरली की हळूच ओढायचं. "भाऊ, खाली बुडाशी बसा, काठावर नोको," असं वर त्यालाच सांगून राहिले! अरे देवा, म्हटलं, काय करून राहिला हा माणूस? माझा डबा कोरडा तो कोरडाच. तलावाच्या मधोमध जाऊन परत आलो. गिऱ्हाईक उतरलं, सदऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणालं, "घेतला." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तो गेल्यावर मी तोंड सोडलं. "काहून केलं असं? सकाळी काय ठरलं होतं?"

हे काठावर बसून खांदा चोळत होते. "ठरलं होतं वं. पन माह्या डोंग्यात बसलेला मानूस वला होऊन उतरला असता, तर लोकायनं काय म्हनलं असतं?"

मी रडले, रागानं रडले. पुढच्याच महिन्यात आम्ही नागपूरला आलो.

इथं काही वाईट नाही. मुलगा चांगला, सून त्याहून चांगली. हे सकाळी उठतात, चहा घेतात, आणि मग दिवस उरतो. संध्याकाळी मी यांना बर्डीच्या बाजारात फिरायला नेते. गर्दीत ते लोकांचे धक्के खात चालतात. याच माणसाला लाट धक्का मारू शकत नव्हती.

परवा त्या गिऱ्हाइकाचा फोन आला. यांना नीट ऐकू येत नाही म्हणून फोन स्पीकरवर लावला होता.

"भाऊ, डोंग्याले काय झालं गा? रोज भिजून राहिलो. दोनदा पानी भरलं. तुमी होते तवा तर थेंब नोता."

हे बावरले. "डोंगा तर चांगला हाय गा. असं कसं? लाट आली का तोंड तिरपं कर. वल्हं थांबव."

"तेच तर करून राहिलो, भाऊ. आयकतच नाही तो."

यांनी आणखी दोन-चार गोष्टी सांगितल्या. फोन मी ठेवला. सून भाजी चिरायची थांबून आमच्याकडे पाहत होती. जन्मभर लोकांनी विचारलं, तुम्ही कोरडे कसे येता, तर यांचं उत्तर एकच असायचं, डोंगा चांगला आहे. त्यांना ते खरंच वाटत होतं.

हे म्हणाले, "डोंग्याचं काही नोतं वं. मीच चांगला होतो."

स्वतःबद्दल एक बरा शब्द या माणसानं उभ्या आयुष्यात पहिल्यांदा काढला, आणि तो डोंगा, वल्हं सगळं विकून झाल्यावर.