लुईसच्या पेटीतला आवाज

गोराईच्या लुईस सुताराच्या शंभर गोष्टी मला ठाऊक, आणि शंभरही माझ्या सांगून झाल्यात. ही मात्र तो गेल्यानंतरची.

होड्या दुरुस्त करायचा. बॅटरीवरचं ड्रिल घेतलं तेव्हा गावभर मिरवलंन. पण भरतीचं पाणी होडीला लागलं, की कितीही घाई असो, काम बंद. आधी बॅटरी काढणार, मग जुन्या बनियनने यंत्र पुसणार, बॅटरी बिस्किटांच्या डब्यात घालून फडताळावर. मी म्हणायचो, "अरे, बायकोला तरी एवढं जपतोस का?" तर म्हणे, "ती खाऱ्या पाण्यात पडली तर पोहून येईल."

तो गेला आणि महिन्याभरात त्याच्या बायकोने, कार्मेनने, घरच्या होडीची सैल फळी स्वतःच बसवली. खाडीच्या लाटा अंगावर घेत. भिजलेलं ड्रिल तिने नवऱ्याच्या बनियनमध्ये गुंडाळून त्याच्या हत्यारांच्या पेटीत ठेवलं. बॅटरी तशीच आत.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला ती माझ्या दारात. "भाऊ, चला. लुईस काम करतोय."

गेलो. पेटी बंद, वर क्रूस. आतून गुर्र... मग शांत. परत गुर्र. चार ही त्याची कामाला बसायची वेळ. खोटं कशाला सांगू, मीही आधी उंबऱ्यातच थांबलो.

"तीनदा हाक मारली," ती म्हणाली, "तीनदा ओ दिली."

तिने झाकण उघडलं. ड्रिलच्या टोकाला बनियन पिळत चाललं होतं, कुणी धुऊन पिळावं तसं. ते सोडवायला तिने हात घातला. मी मनगट धरलं.

"बोटं जातील गो. बटणात खारं पाणी शिरलंय, म्हणून फिरतंय. बॅटरी काढ."

"काढली तर गप्प होईल."

"होईल."

"मग नको."

"कार्मेन, ओल्या यंत्राला बॅटरी लावून ठेवलेली त्याला कधी चालली होती?"

ड्रिल आणखी दोनदा फिरलं. मग तिने हात फडक्याला कोरडे केले, मागून मूठ धरली, टोक भिंतीकडे केलं आणि बॅटरी खेचली. घर गप्प झालं. बॅटरी कोमट होती, तोंडाशी मीठ.

संध्याकाळी हळूच विचारलंन, "वाळवून चार्जिंगला लावू? एकदाच."

"खारं पाणी प्यायलेली बॅटरी पेट घेते, बाय."

तिने ती अंगणात, जाळ्यांपासून लांब, उघड्या दगडावर ठेवली. सकाळी जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्याला स्वतःच देऊन आली.

आता नवं बटण, नवी बॅटरी. गावातल्या होड्या तीच बघते. भरती लागली की थांबते, बॅटरी काढते, पुसते, डबा फडताळावर. मग पेटीला कान लावते.

"काय ऐकतेस?" मी एकदा विचारलं.

"काही नाही."

झाकणावर दोनदा टकटक केलंन, उत्तर यायला लागेल तेवढा वेळ थांबली, आणि चहा टाकायला उठली.