मुक्कामी गाडी बंद झाली तेव्हा

मुक्कामी गाडीवर जायला आमच्या आगारात कोणी राजी नसायचं. दुपारी निघायचं, रेवदंड्याचा पूल ओलांडून रोह्यावरून म्हसळ्याला पोचायचं, तिथून डोंगरातल्या एका गावात दिवेलागणीला गाडी लावायची. रात्री तिथेच झोपायचं आणि सकाळी तीच गाडी घेऊन परत यायचं. बाकीच्या ड्रायव्हरांना ही शिक्षा वाटे. कोणाचं साहेबाशी बिनसलं, की तो या फेरीवर दिसायचा. मी मात्र ती मागून घेतली होती आणि मग वर्षानुवर्षं सोडली नाही. त्यामुळे माझ्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे, असं आगारात सगळ्यांचं एकमत होतं.

खरं सांगायचं तर मला त्या गावातल्या संध्याकाळींची चटक लागली होती. गावाची एक रीत होती. गाडीच्या माणसांना जेवू घालायची पाळी घरोघरी लावलेली. आज या घरी, उद्या त्याच्या शेजारच्या घरी, अशी ती सगळ्या वाडीतून फिरायची. एखाद्या घरी सुतक असलं तर ते घर आपली पाळी पुढच्याला द्यायचं आणि सुतक फिटलं की हक्काने परत मागून घ्यायचं. एकदा दोन घरांत यावरून चांगली जुंपली होती, आणि भांडण मिटेपर्यंत मी आणि कंडक्टर दोघंही उपाशी बसलो होतो. शेवटी दोन्ही घरी जेवलो. जेवण झालं की शाळेच्या पडवीत माणसं जमायची. भात कसा आहे, रानडुकरांनी कुणाचं किती खाल्लं, कुणाच्या मुलीचं कुठे जमतंय, असं बोलणं चालायचं. मीही बोलायचो. घरात तोंड उघडायचा कंटाळा असलेला माणूस तिथे पोपटासारखा बोलायचा.

माझं घर रेवदंड्याला. बायको सुकी मासळी विकते, बोंबील, जवळा, बांगडा. मुलगी लग्न होऊन पनवेलला गेली. मधल्या दिवशी शिक्षेवरचा कुणीतरी मुक्कामाला जायचा, त्यामुळे एक दिवस गाडी आणि एक दिवस घर, असा माझा हिशेब होता, पण तो कागदावरचा. दुपारी ड्यूटी संपवून घरी आलो की जेवायचं आणि आडवं व्हायचं. उठेपर्यंत बायको बाजारातून परत येऊन स्वयंपाकाला लागलेली असायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा घेऊन निघायचं. माझ्या संध्याकाळी त्या गावाला मिळाल्या आणि घराला मिळाली ती झोप. हे मला आता समजतं. तेव्हा वाटायचं, संसार असाच असतो.

मग आगारात विजेच्या गाड्या आल्या. दिसायला छान, थंडगार, आवाज नाही की धूर नाही. त्यांचे ड्रायव्हर ठेकेदाराचे, कानात बटण घालून फिरणारी तरणी पोरं. ती वाईट नव्हती, मला बघून काका म्हणून बाजूला सरकायची, आणि तेच मला झोंबायचं. थेट फेऱ्यांवर कंडक्टर नकोसा झाला. माझा कंडक्टर शहाणा निघाला. त्याला स्टँडवर खिडकीत बसवलं, तर दुसऱ्याच महिन्यात अर्ज देऊन तो पालीला भावाच्या शेतावर निघून गेला. जाताना मला म्हणाला, "तू पण चल. इथं आता आपल्याला ओळखणारं फक्त हे कुत्रं राहिलंय." स्टँडवरचं कुत्रं खरंच दोघांकडे बघत होतं.

निवृत्तीला माझे अजून दोन पावसाळे शिल्लक होते. आगारात नव्याने आलेल्या साहेबांनी मला एकदा बोलावून घेतलं. वयाने माझ्या मुलीएवढ्या, बोलायला नेमक्या आणि नम्र.

"काका, मुक्कामी फेरीचं काही खरं नाही," त्या म्हणाल्या. "नव्या गाडीला रात्री चार्जिंगला लावावं लागतं. गावात ती सोय नाही, आणि जुन्या गाड्या एकेक करून भंगारात चालल्यात. फेरी बंद झाली तर तुम्हाला शेडमध्ये गाड्या लावायचं काम देता येईल. नाहीतर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज आहेच. तुम्ही ठरवा."

"मी सोडलं तर ही फेरी दुसरं कोण घेईल?" मी विचारलं.

त्यांनी खोटं सांगितलं नाही. "कुणीच घेणार नाही, काका. तुम्ही आहात म्हणून ती चाललीय."

हे ऐकून मी छाती फुगवून बाहेर आलो आणि तिथेच अडकलो. त्या गावातल्या सात-आठ मुली सकाळच्या गाडीने म्हसळ्याला कॉलेजला यायच्या. बाया भाजी घेऊन यायच्या. गाडी गेली तर त्यांनी खाली फाट्यापर्यंत डोंगर उतरायचा आणि संध्याकाळी चढायचा. आयांनी मुलींना किती दिवस तसं जाऊ दिलं असतं?

घरी वेगळंच चाललं होतं. बायकोचे गुडघे गेले होते. ती त्याबद्दल तक्रार करायची नाही, पण पाटावर बसताना आधी भिंतीला हात लावायची. कंडक्टरने नोकरी सोडल्याचं तिला कळलं, तेव्हा तिने बोंबील निवडता निवडता मान वर न करता विचारलं, "तुमी कवा?"

"बघू."

"गणपतीच्या आत सोडा. पोरगी तिच्या घरी हाय. आता आपण दोघंच. दोघांनी मिळून जेवायचं ते कवा?"

"गाडी बंद झाली की सोडतो," मी म्हणालो.

तिचे हात थांबले. "म्हंजे गाडी सांगल तवा सोडणार. मी सांगून न्हाय."

मी तिला मुलींचं कॉलेज समजावलं, बायांची भाजी समजावली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांचं बरोबर हाय. त्यांना तुमी लागता." आणि पुन्हा बोंबील निवडायला लागली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. गणपती आले, गेले. दिवाळी गेली. मी मुक्कामाला जात राहिलो. आपण फार मोठं काही करतोय, असं मला वाटत होतं, आणि घरी आलो की तिच्या नजरेला नजर देत नव्हतो.

होळीच्या सुमाराला फेरी बंद झाल्याचा हुकूम निघाला. माझ्या असण्याने चार-सहा महिने ढकलले गेले, इतकंच. यापुढे दिवसाची गाडी फाट्यापर्यंत जाणार होती, आणि गाव वर राहणार होतं.

शेवटच्या मुक्कामाला मी गावात सांगितलं तेव्हा कुणी आरडाओरडा केला नाही. एका बापाने एवढंच विचारलं, "मंग पोरी कश्या जानार, दादा?" जेवायला बसलो तर ज्या घरची पाळी होती त्या घरच्या बाईने नेहमीपेक्षा जास्त वाढलं आणि मी नेहमीपेक्षा कमी जेवलो.

सकाळी सगळं गाव गाडीपाशी आलं. नवी गाडी आली की हार घालायचा, नारळ फोडायचा, हे त्यांना ठाऊक होतं. जाणाऱ्या गाडीचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून ते नुसते उभे राहिले. चाकाला लावलेला दगड काढायचं काम एका म्हाताऱ्याने आपणहून घेतलेलं होतं. तो दगड काढून रोज कडेला ठेवायचा. त्या दिवशी तो हातात धरून तसाच उभा राहिला. मी स्टार्टर मारला, हॉर्न वाजवला आणि आरशात न बघता उतार उतरलो.

नंतर मला शेडमध्ये पाठवलं. दोन-तीन दिवस झाले असतील. म्हसळ्याकडून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरने माझ्या हातात कापडात बांधलेला डबा ठेवला. फाट्यावर एका बाईने दिला, म्हणाली, मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरला दे. उघडून बघितलं तर तांदळाची भाकरी आणि चवळीची उसळ. त्या घरची पाळी होती. गाडी बंद झाली हे तिला ठाऊक होतं, पण पाळी आली तर ती चुकवायची कशी हे तिला सुचलं नव्हतं. ती डोंगर उतरून फाट्यावर आली होती. भाकरी वातड झाली होती, उसळ आंबायला लागली होती. मी शेडच्या कोपऱ्यात बसून सगळं खाल्लं आणि रडलो. ठेकेदाराची दोन पोरं समोर मोबाईल बघत होती, ती उठून बाहेर गेली. त्यांचे उपकार झाले. त्याच दुपारी मी साहेबांकडे जाऊन अर्ज दिला.

शाल, श्रीफळ, चार भाषणं झाली. जे मला मुक्कामाचा वेडा म्हणायचे त्यांनीच माझ्या निष्ठेचं कौतुक केलं. घरी आलो तेव्हा बायकोने ओवाळलं आणि म्हणाली, "आलात एकदाचे." तिच्या आवाजात आनंद होता की नाही, मला ओळखता आलं नाही.

पुढचे महिने कसे गेले ते सांगताना मला लाज नाही, पण वाईट वाटतं. घर तिचं झालं होतं. ती संध्याकाळी बायांबरोबर भजनाला जायची, लवकर जेवायची, दारं लावून झोपायची. मी आलो म्हणून तिने काही बदलायचा प्रयत्न केला, तर दोघंही अवघडायचो. मला आधी वाढायची आणि स्वतः मागाहून आत बसून जेवायची. "बस की बरोबर," म्हटलं तर बसायची, आणि मग घास गिळण्याचे आवाजच काय ते यायचे. बोलायचं काय? डोंगरातल्या गावात कुणाच्या गाईला वासरू झालं हे मला ठाऊक होतं. माझी बायको कोणत्या गोष्टीला हसते हे ठाऊक नव्हतं.

मग त्या गावातून लग्नाचं बोलावणं आलं. कॉलेजला जाणाऱ्या मुलींपैकी एकीचं लग्न होतं. गाडी बंद झाल्यावर तिचं शिकणं थांबलं आणि वर्षाच्या आत ठरलं. "वयनींना घेऊन या," असं बापाने फोनवर तीनदा बजावलं. बायको आधी नाही म्हणाली, मग तिने कपाटातली ठेवणीतली साडी काढली. रोह्यापर्यंत एक गाडी, म्हसळ्यापर्यंत दुसरी, फाट्यापासून टेम्पो. ते गाव ती पहिल्यांदा बघत होती.

बायांनी तिला घेरलं आणि आत नेलं. मी मांडवात पुरुषांबरोबर बसलो, पण कुडाच्या भिंतीतून सगळं ऐकू येत होतं.

"वयनी, दादांना कुळथाचं पिठलं जाम आवडतं. तुमी कसं करता?"

लग्न झाल्यापासून आमच्या घरी कुळीथ शिजला नव्हता. मला चालत नाही, असं माझ्या आईने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि तेव्हा ते खरंही होतं.

"करते आपलं साधंच," बायको म्हणाली.

त्या बोलत राहिल्या. दादांचा खांदा थंडीत धरतो. दादा सापाला भितात. आणि मग एक म्हातारी हळू आवाजात म्हणाली, "तुमचा पयला पोरगा गेला त्याची दादा लय आठवण काढतात हो. सांगताना त्यांचं डोळं भरतात."

 मी मांडवात पान चघळायचा थांबलो. आमचा पहिला मुलगा वर्षाचा व्हायच्या आधी तापाने गेला. घरात आम्ही त्याच्याबद्दल कधीच बोललो नाही. मी विषय काढला नाही, तिनेही नाही. पुढे मुलगी झाली आणि ती गोष्ट तशीच खाली राहून गेली.

परतताना रोह्याला आम्हाला खिडकीची जागा मिळाली. कुंडलिका नदीचं पाणी दिसायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "मला वाटलं, तुमी त्याला इसरलात."

"नाही."

"काय सांगता तिथं, त्याचं?"

मी सांगितलं. सांगण्यासारखं माझ्याकडे एकच होतं. तेव्हा मी दुसऱ्या फेरीवर होतो, गाडी रेवदंड्याच्या नाक्यावरून जायची आणि ती त्याला कडेवर घेऊन उभी असायची. मी हॉर्न वाजवला की त्याचं तोंड उघडायचं, तो खिदळायचा. माझ्या गाडीचा आवाज त्याला ओळखता यायचा. शाळेच्या पडवीत मी हे कितीदा सांगितलं असेल. मुलगा म्हटला की मला तेच हसणं दिसायचं.

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"हसायचा न्हाय वो," ती म्हणाली. "भ्यायचा. हॉर्न वाजला की रडायला लागायचा. तुमी लांबून बघत होतात. घरी न्हेईस्तवर मी त्याचे कान झाकून चालायची."

"मग उभी कशाला राहायचीस?"

"तुमाला तो तेवढाच येळ दिसायचा," ती म्हणाली.