वकील साहेबांच्या घड्याळाची डायल

गेल्या नोव्हेंबरमध्ये, एका मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराला, नांदेडच्या इतवारा भागातल्या एका घरात बसून मी एका अस्सल डायलला नकली म्हणालो. ती अस्सल आहे हे मला त्या वेळी कळलेलं होतं. खोलीत माझ्यासह पाच माणसं होती. सौदा दुपारी सव्वा वाजता झाला.

मी लातूरला गंजगोलाईजवळ घड्याळं दुरुस्त करतो. एकतीस वर्षं झाली. बॅटरीची घड्याळं आता कुणी दुरुस्तीला आणत नाही. जुन्या, चावीच्या स्विस घड्याळांचे शौकीन मात्र वाढले आहेत. डॉक्टर, बिल्डर, क्लासेसवाले. कुणाकडे असं घड्याळ विकायला आहे असं कळलं की ते मला सोबत नेतात. मी घड्याळ उघडून बघतो आणि दिवसाची फी घेतो.

त्या दिवशी मला नेणारे गृहस्थ लातुरात क्लासेस चालवतात. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही. त्यांना ड्रेस वॉच हवं होतं. ड्रेस वॉच म्हणजे कोटाच्या किंवा शेरवानीच्या बाहीखाली सहज सरकेल असं पातळ घड्याळ. तारीख नाही, अलार्म नाही. दोन काटे, फार तर सेकंदाचा तिसरा.

गाडीत आमचं नेहमीप्रमाणे ठरलं. घड्याळ चांगलं असलं तर मी माझं भिंग रुमालाने पुसायचं. नसलं तर न पुसता खिशात टाकायचं. तोंडाने मात्र दोन्ही वेळा दोषच काढायचे. आमच्या कामात याला कुणी खोटं बोलणं म्हणत नाही. भाव पाडणं म्हणतात.

घर दोन भावांचं होतं. वरच्या मजल्यावर थोरले कय्यूम साहेब, उर्दू शाळेचे निवृत्त हेडमास्तर, वय चौऱ्याहत्तर. खालच्या मजल्यावर धाकटे सलीम भाई. त्यांचं सायकलचं दुकान होतं, ते बंद करून बरीच वर्षं झाली होती. त्यांची बायको वारलेली होती. दोन्ही वेळचं जेवण ते वर भावाकडे जेवत. घराचा स्लॅब गळत होता. तो नव्याने टाकण्यासाठी दोघांनी मिळून वडिलांचं घड्याळ विकायचं ठरवलं होतं. वडील वकील होते. त्यांनी ते हैदराबादला आबिद्स भागातल्या एका दुकानातून घेतलं होतं, असं कय्यूम साहेबांनी सांगितलं.

घड्याळ अत्तराच्या लाकडी पेटीत ठेवलेलं होतं. कय्यूम साहेबांच्या पत्नी रफियाभाभींनी ती पेटी कपाटातून काढून आणली. केस, म्हणजे बाहेरची डबी, अठरा कॅरेट सोन्याची. पॉलिश कधी मारलेलं नव्हतं. कडा तशाच धारदार होत्या.

मी भिंग डोळ्याला लावलं. आधी डायल बघितली. डायल म्हणजे काट्यांच्या मागची, आकडे छापलेली पाटी. जुन्या घड्याळाची निम्मी किंमत तिची असते. ती खराब झाली की कारागीर घासून पुन्हा रंगवतात आणि अक्षरं नव्याने छापतात. त्याला रीडायल म्हणतात. दिसायला छान दिसते, पण शौकीन माणूस ती बघितली की उठतो. उलट अस्सल डायल सुटीसुद्धा चांगल्या किमतीला विकली जाते. त्यामुळे काही ठिकाणी दुरुस्तीला आलेल्या घड्याळाची अस्सल डायल काढून घेतात आणि रंगवलेली बसवून देतात. मालकाला पत्ता लागत नाही.

या डायलवर सहाच्या आकड्याखाली कंपनीने छापलेली बारीक अक्षरं होती. रंगवलेल्या डायलवर ही अक्षरं नेहमी फुगतात. इथे एकही फुगलेलं नव्हतं. मला दोन मिनिटंही लागली नाहीत.

मग मी मागचं झाकण उघडलं. कारागीर घड्याळ उघडतो तेव्हा झाकणाच्या आतून सुईने स्वतःची खूण आणि साल कोरून ठेवतो. इथे तीन खुणा होत्या. शेवटची अठरा वर्षांपूर्वीची.

"हे शेवटचं कुठं उघडलं होतं?" मी विचारलं.

"हैदराबादला," कय्यूम साहेब म्हणाले. "चाबी फिरत नव्हती. सलीम घेऊन गेला होता. तीन महिने ठेवून घेतलं दुकानदाराने."

मी इथे थांबू शकत होतो. काच घासलेली आहे, मशीन सुस्त आहे, असं काहीही सांगून भाव पाडता आला असता. पण दोष सांगायचा तर तो समोरच्याला माहीत असलेल्या गोष्टीला जोडून सांगावा, म्हणजे पटतो. हे मला कुणी शिकवलेलं नाही. कामात शिकलो.

"तिथंच काम झालेलं दिसतंय," मी म्हणालो. "डायल ओरिजिनल नाही. ओरिजिनल काढून घेतली आणि रंगवलेली बसवली."

सलीम भाई दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. ते पुढे झुकले.

"आँ? मैं तो बंद पेटी दिया, बंद पेटी लाया."

"तुम्ही केलं असं नाही म्हणत मी," मी म्हणालो. "होतं असं."

"बाबांच्या हातात होती तीच डायल आहे ही," रफियाभाभी म्हणाल्या.

"तुम्ही थांबा," कय्यूम साहेब त्यांना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पक्कं सांगता?"

"एकतीस वर्षं हेच बघतोय, साहेब."

मी भिंग डोळ्यावरून काढलं आणि रुमालाने पुसलं. सर इतका वेळ मोबाइलमध्ये बघत होते. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. चार लाखांवरून सुरू झालेला आकडा अडीच लाखांवर थांबला. कय्यूम साहेबांनी फारशी ओढाताण केली नाही. ते भावाकडे बघत होते.

परतीच्या वाटेवर लोह्याला चहासाठी गाडी थांबवली.

"पांचाळ, तुम्हाला तर नाटकात घ्यायला पाहिजे," सर म्हणाले. "त्या धाकट्याचं तोंड बघितलं का? लई घाबरला होता."

"हाव," मी म्हणालो आणि हसलो. ते हसणं मला अजून आठवतं.

दोन दिवसांनी सर्व्हिसिंगसाठी मी ती डायल काढली. तिच्या मागच्या बाजूला कंपनीचा शिक्का होता. मशीनवर बसवायचे दोन्ही बारीक पाय मूळचे होते, कधी डाग देऊन जोडलेले नव्हते. सरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मला तर रुमाल बघितला तेव्हाच कळलं होतं."

फेब्रुवारीच्या शेवटी कय्यूम साहेब माझ्या दुकानात आले. लातूरला नातेवाइकांकडे लग्न होतं. हातात मिठाईचा डबा होता.

"पांचाळ साहेब, तुमचं शुक्रिया अदा करायला आलोय."

मी त्यांना स्टूल दिलं. ते बसले आणि म्हणाले, "सलीम कबूल झाला."

"काय कबूल झाले?"

"डायल. हैदराबादेत विकली म्हणाला. तेव्हा दुकान बुडत होतं त्याचं. अठरा वर्षं माझ्या ताटात जेवला आणि बोलला नाही. तुमची नजर नसती तर मी असाच मेलो असतो."

"आता कुठं आहेत ते?"

"किनवटला, मुलीकडे. जावई तिथं आश्रमशाळेच्या हॉस्टेलवर आहे. मी जा म्हटलं नाही. तो स्वतःच गेला. घड्याळाच्या पैशातला हिस्साही घेतला नाही."

मी चहा मागवला. त्यांनी प्यायला. लग्नघरी वेळेवर पोचायचं म्हणून उठले. जाताना डबा माझ्या काउंटरवर सरकवला आणि म्हणाले, "घरी मुलांना द्या." मी "हो" म्हणालो. दुसरं काहीही बोललो नाही.

नांदेडला मी अकरा दिवसांनी गेलो. मधल्या अकरा दिवसांचं सांगण्यासारखं कारण माझ्याकडे नाही. रोज दुकान उघडत होतो. एकदा बस स्टँडपर्यंत जाऊन परत आलो. एकदा सरांकडे गेलो आणि झालेला प्रकार सांगितला. भावात पाडलेले दीड लाख त्या घरी पोचवावेत, असं सुचवलं.

"मी एक शब्द तरी बोललो का डायलबद्दल?" सर म्हणाले.

"नाही."

"मग? बोललात तुम्ही. किंमत मान्य केली त्यांनी. मी काय करू?"

यात चुकीचं वाक्य एकही नव्हतं. मी उठलो. त्यानंतर सरांनी मला कुठे सोबत नेलेलं नाही.

इतवाऱ्यातल्या घरी पोचलो तेव्हा कय्यूम साहेब वरच्या खोलीत पेपर वाचत होते. रफियाभाभी तांदूळ निवडत होत्या. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं की डायल अस्सल होती, कारखान्यातून आली तीच होती, आणि मला ते त्याच दिवशी माहीत होतं.

त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलून राहिलात?"

"तेव्हा."

"कशासाठी?"

"भाव पाडायला."

"भाव तर काच घासलीय म्हटलं असतं तरी पडला असता. मला कुठे कळतं त्यातलं?"

मी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मग तो कबूल का झाला?" हा प्रश्न त्यांनी मला विचारला, पण बघत होते भाभींकडे. "न केलेली गोष्ट कोण कबूल करतं?"

भाभींनी सूप खाली ठेवलं.

"दीड महिना तुम्ही त्याच्याशी बोलला नाहीत," त्या म्हणाल्या. "ताट खाली पाठवायला लावलं. मी नेऊन द्यायची, तर तो ताटाकडे न बघता विचारायचा, भाईजान काही म्हणाले का? शेवटी म्हणाला, भाभी, मी हो म्हटलं तर ते बोलतील का?"

"तुम्ही मला सांगितलं नाही."

"सांगितलं. तुम्ही म्हणालात, एकतीस वर्षांचा कारीगर आहे, तो कशाला खोटं बोलेल?"

मग कय्यूम साहेबांनी कागद मागितला. पण वहीचा नको म्हणाले, तुमच्या दुकानाचा हवा. माझ्या पिशवीत बिलबुक आणि दुकानाचा शिक्का होता. एका कोऱ्या बिलावर मी लिहिलं: हे घड्याळ मी स्वतः उघडून तपासलं आहे. डायल मूळची आहे, कधीही बदललेली नाही. याआधी मी जे सांगितलं ते खोटं होतं आणि मला ते माहीत होतं. खाली सही केली. त्यांनी दुकानाचा शिक्काही मारायला लावला. तो कागद त्यांनी दोनदा वाचला, हेडमास्तर वाचतात तसा, बोट फिरवत. दुसऱ्या ओळीत मी एक वेलांटी चुकवली होती. ती त्यांनी माझ्याकडून दुरुस्त करून घेतली.

"सलीम भाईंना मी स्वतः भेटतो," मी म्हणालो. "किनवटला येतो तुमच्यासोबत."

"नको," ते म्हणाले. "तुम्हाला बघून तो चहा करायला उठेल. मला ते बघवणार नाही."

भाभींनी मला पाणीही विचारलं नाही. मी जिना उतरलो.

पुढचं मला फोनवरून कळलं. रविवारी कय्यूम साहेब रेल्वेने किनवटला गेले आणि सोमवारी संध्याकाळी परतले. मंगळवारी मी फोन केला. त्यांनी उचलला.

"भेटले?"

"भेटला. मुलीने जेवू घातलं. कागद दिला."

"काय म्हणाले?"

"चष्मा सापडत नव्हता त्याचा. नातीने वाचून दाखवला. मग म्हणाला, भाईजान, मला हे कागदावर कशाला? मला तर माहीतच होतं."

"आणि परत येण्याचं?"

"मी माफी मागितली. मी मोठा आहे, पण मागितली. त्याने पाय धरले माझे. येतो मात्र म्हणाला नाही." मग ते म्हणाले, "पांचाळ साहेब, आता फोन करू नका."

मी केलेला नाही. या कामाची माझी फी आणि सौद्यानंतर सरांनी खूश होऊन वरून दिलेले पैसे मी मनीऑर्डरने सलीम भाईंच्या नावाने किनवटला पाठवले. नवव्या दिवशी ते परत आले. पोस्टमनने फॉर्मवर 'घेण्यास नकार' असं लिहिलं होतं.

आता मी कुणासोबत घड्याळ बघायला गेलो तर विकणाऱ्यासमोर तोंड उघडत नाही. घड्याळ बघतो, निष्कर्ष कागदावर लिहितो आणि त्याच्या दोन प्रती करून एक घेणाऱ्याला, एक विकणाऱ्याला देतो. ही पद्धत घेणाऱ्यांना आवडत नाही. गेल्या पाच महिन्यांत मला दोनच जणांनी बोलावलं. दुरुस्तीत डायल आणि माणसाचं बोलणं यांत एवढाच फरक की डायल काढून पुन्हा बसवता येते.

इतवाऱ्यातला एक ओळखीचा घड्याळवाला अधूनमधून माल घ्यायला लातूरला येतो. त्याच्याकडून कळलं ते असं: स्लॅबचं काम मे महिन्यात पूर्ण झालं. सलीम भाई ईदला नांदेडला आले, नमाज भावाच्या शेजारी उभं राहून पढले आणि दुपारच्या गाडीने किनवटला परत गेले. जुलैपासून खालच्या मजल्यावर विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकणारे तीन विद्यार्थी भाड्याने राहतात.