काकांची नवी वायर

इंदिरा नगरातले आमचे शेजारी काका दर रविवारी नवी वायर घेऊन येतात. पिन शर्टाला पुसतात, फुंकर मारतात आणि जुना टेपरेकॉर्डर माझ्या लॅपटॉपला जोडतात. कॅसेटमध्ये त्यांची लेक चार वर्षांची आहे, मराठीत बडबडते. आता ती फोनवर हिंदीतच बोलते.

कॅसेट फिरते. नुसती घरघर ऐकू येते.

"अच्छा, म्हणजे हीपण वायर खराब!"

पहिल्यांदा ते कॅसेट घरच्या कॉम्प्युटरवर उतरवायला बसले, तेव्हा फोनवर मीच त्यांना सांगितलं होतं, रेकॉर्डचं बटण दाबा. कॉम्प्युटरवरचं, हे सांगायचं राहिलं. त्यांनी टेपरेकॉर्डरचं दाबलं आणि आपला आवाज मध्ये यायला नको म्हणून कॅसेट संपेपर्यंत गप्प बसले. ती घरघर त्यांच्या पंख्याची आहे.

"वायरच असेल, काका," मी म्हणतो.